खाड्या मोजत गोव्याकडे: कोकण किनाऱ्याची पहिली सायकल सफर, कमी पैशांत

कोकण किनाऱ्याचा नकाशा समोर धरला की रस्ता समुद्राला चिकटून खाली खाली जाताना दिसतो आणि नवखा माणूस मनाशी म्हणतो, सपाटच असणार. तसं नाही. मुंबईसमोरच्या मांडव्यापासून गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर एखादी नदी समुद्राला मिळते. रस्ता तिच्या खाडीच्या पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा घाटी चढून जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, येतो. चढ फार तर शे-दीडशे मीटरचे, पण उभे, आणि दिवसातून तीन-चार वेळा. म्हणून या वाटेवर किलोमीटर मोजून बेत आखू नका, खाड्या मोजून आखा.

पैशांचंही गणित इथेच आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रोज ऐंशी किलोमीटरचा हट्ट धरला होता. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर, पाय उचलत नसताना, जे पहिलं लॉज दिसलं तिथे मागतील तेवढे पैसे देऊन झोपले. दुसरीकडे विचारायला पाचशे मीटर पुढे जायचीही ताकद नव्हती. थकलेला माणूस घासाघीस करत नाही, चौकशी करत नाही, पाण्याच्या बाटल्या विकत घेतो आणि शेवटी टेम्पो करतो. रोजचं अंतर पन्नास-साठ किलोमीटरवर ठेवलंत तर दुपारी तीन-चारला गावात पोचता, दोन-चार घरं पाहून खोली ठरवता, आणि खर्च आपसूक निम्म्यावर येतो.

कधी निघायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात मांडव्याच्या प्रवासी लाँच बंद असतात, खाड्यांतल्या बोटीही वाऱ्यापावसात थांबतात, आणि घाटीच्या वळणांवर वाहून आलेल्या मातीवरून चाक घसरतं. मार्च लागला की सड्यावर सावलीचा पत्ता नसतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र पूर्ण टाळा. त्या दिवसांत किनाऱ्यावर खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि रस्त्यांवर गाड्यांची रांग असते.

जायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे. थंडीच्या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो पाठीवर येतो. उलट दिशेने येणाऱ्यांना तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो. या दिशेचा एक त्रास आहे: ऊन सतत समोरून लागतं. पुढे झडप असलेली टोपी हेल्मेटखाली घाला आणि नाकाला, ओठांना काहीतरी चोळा.

आणि निघायचं रविवारी सकाळी. शनिवार-रविवारच्या सुट्टीवर आलेली मंडळी रविवारी परत फिरत असतात, त्यामुळे मांडव्याकडे जाणारी बोट मोकळी मिळते आणि रात्री खोल्या रिकाम्या असतात.

सायकल

नवी सायकल घेऊ नका. घरात असलेली, मित्राची, नाहीतर जुनी गिअरची हायब्रिड किंवा माउंटन बाइक चालते. लोखंडी सांगाडा असेल तर उत्तम, कारण तो मोडला तर कुठल्याही गावातला वेल्डर जोडून देईल. माझी जुनी हायब्रिड आहे, पुढे तीन चकत्या आणि मागे सात. पाहण्यासारखी गोष्ट एकच: सर्वांत हलका गिअर किती हलका आहे? पुढची लहान चकती अठ्ठावीस दात्यांची आणि मागची मोठी बत्तीस किंवा चौतीसची असली की सामानासकट घाटी बसून चढता येते. मागची लहान असेल तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून घ्या. माझ्या मते सायकलवर पैसे खर्च करण्याची खरी जागा हीच, पुढे टायर आणि ब्रेक. बाकी सगळं जुनं चालेल.

टायर पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचे घ्या, त्याहून बारीक नको. तुमची चाकं सव्वीस इंची असतील तर ट्यूब वाटेत कुठेही मिळेल. सातशे मापाची असतील तर दोन जादा ट्यूब बरोबर ठेवा, गावातल्या दुकानात त्या मिळतीलच असं नाही. व्हॉल्व्हही तपासा. पंक्चरवाल्याचा पंप जाड, मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हला बसतो. तुमचा बारीक प्रेस्टा असेल तर त्यावर चढवायची पितळी टोपी घेऊन ठेवा. अगदी स्वस्त असते, आणि नसली तर सायकल हातात धरून चालावं लागतं.

सीटची उंची अशी लावा: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. चालवताना चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीट खाली राहिली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते. पहिल्याच दोन दिवसांत गुडघे धरून परतलेले बरेच जण केवळ या दोन बोटांच्या फरकामुळे परतलेले असतात.

सामान

मागे मजबूत कॅरिअर, त्याच्या दोन बाजूंना दोन पिशव्या. महागड्या पॅनियर नसतील तर जाड कापडाच्या दोन पिशव्या वरून पट्ट्याने जोडून घ्या, आत प्लॅस्टिकची पिशवी घाला, खालून रबरी हुकाने कॅरिअरला ओढून घ्या. चालवताना टाच पिशवीला लागत नाही ना ते आधीच पाहा. पाठीवर सॅक मात्र नको. पाठ भिजते, मान धरते आणि सगळं वजन सीटवर येतं. एकूण सामान आठ किलोच्या आत बसवा. सायकलीचे कपडे दोन जोड, संध्याकाळचा एक, चादर, पातळ जॅकेट. रोज संध्याकाळी एक जोड धुवायचा, सकाळपर्यंत सुकला नाही तर कॅरिअरवर पसरून न्यायचा.

तंबू न्यावा का, हे सगळे विचारतात. पहिल्या खेपेला नको. तंबू, चटई, स्लीपिंग बॅग मिळून तीन-चार किलो होतात, आणि या किनाऱ्यावर खोली इतकी दूर कधीच नसते. ते वजन प्रत्येक घाटीवर पायांनी चढवावं लागतं.

दुरुस्तीचं सामान एका जुन्या मोज्यात मावतं: ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, ऍलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार, दोन जादा ब्रेक पॅड, तेलाची बाटली, झिप टाय, आणि कॅरिअरचे तीन-चार जादा बोल्ट. ते बोल्ट विसरू नका. सड्यावरच्या खडबडीत रस्त्यावर सगळ्यात आधी तेच सैल होतात. कोळथऱ्याहून दाभोळला उतरताना माझ्या कॅरिअरचा एक बोल्ट निघून पडला. दाभोळच्या जेटीवर मी झिप टाय लावत बसले होते, तेवढ्यात फेरी बोटीवरचा एक खलाशी येऊन उकिडवा बसला. "ताई, असं नाय टिकायचं," म्हणाला, आणि कमरेला खोचलेली जाळं विणायची हिरवी नायलॉन दोरी काढून त्याने कॅरिअरची दांडी सायकलच्या सांगाड्याला आठ-दहा वेढ्यांनी आवळली. शेवटची गाठ दातांनी ओढली. बोट पलीकडे धोपाव्याला लागेपर्यंत काम झालेलं होतं. ती गाठ गोव्यापर्यंत हलली नाही. तेव्हापासून जाळ्याच्या दोरीची एक गुंडी माझ्या मोज्यात कायम असते.

सहा आठवड्यांची तयारी

आठवड्यातून तीन दिवस सायकल चालवा. पहिल्या रविवारी वीस किलोमीटर, मग तीस, मग चाळीस. चौथ्या आठवड्यापासून सामान बांधून चालवा, कारण ओझ्यासकट सायकल वळताना आणि थांबताना वेगळी वागते. पाचव्या आठवड्यात शनिवार-रविवार लागोपाठ पन्नास-पन्नास करून पाहा. पहिल्या दिवसाच्या पन्नासांनी काही कळत नाही. दुखरे पाय घेऊन दुसऱ्या दिवशी सीटवर बसलात की सगळं कळतं. जवळ चढ असेल तर तो रोज दोनदा चढा. याच काळात घरी पंक्चर काढायला शिका, मागचं चाक काढून परत बसवायला शिका. दोन्ही कामं एकदा स्वतःच्या हाताने झाली की रस्त्यावर धीर सुटत नाही.

वाट: बारा दिवस, साधारण सहाशे किलोमीटर

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत सायकल नेता येते. तिथपासून मुंबई-गोवा महामार्गाच्या वाटेला अजिबात जाऊ नका, शेवटपर्यंत सागरी मार्गच धरा.

पहिला दिवस मुद्दाम हलका: मांडवा, अलिबाग, रेवदंडा, जेमतेम चाळीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीवरच्या पुलावरून साळावला, मग काशीद, मुरूड, आगरदांडा. इथे पहिली जेटी. बोटीने राजपुरी खाडी ओलांडून दिघी, तिथून दिवेआगर. तिसऱ्या दिवशी शेखाडीवरून श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. हा रस्ता लाटांच्या इतका जवळून जातो की ओठांवर मीठ येतं. अंतर थोडं आहे, घाई करू नका.

चौथ्या दिवशी बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेशवी, म्हणजे रायगडातून रत्नागिरी जिल्ह्यात. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तो पाहायला वेळेत पोचा. पाचव्या दिवशी कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. वाशिष्ठीच्या मुखावर बोट आणि पलीकडून गुहागर. दाभोळआधीचे चढउतार संपूर्ण वाटेतले सर्वांत दमवणारे आहेत. त्या दिवशी सकाळी अंधार फिटताच निघा. उतरून सायकल ढकलावी लागली तरी चालेल, मीही ढकलते.

सहावा दिवस वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, मग शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड आणि गणपतीपुळे. मालगुंड लागेल तिथे थांबा, केशवसुतांचं घर वाटेवरच आहे. सातव्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. गिअरचं, ब्रेकचं काही काम निघालं असेल तर ते इथेच करून घ्या, पुढे मोठं गाव लवकर नाही. मग भाट्याच्या पुलावरून पावस.

आता रविवारी निघण्याचा दुसरा फायदा पाहा. सातवा दिवस शनिवार येतो, म्हणजे सुट्टीच्या गर्दीची रात्र गणपतीपुळ्यात न पडता पावसमध्ये पडते. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठाची भक्तनिवासाची सोय आहे. खिचडीचा प्रसाद घ्या आणि लवकर झोपा.

आठवा दिवस पूर्णगड, कशेळीचं कनकादित्याचं देऊळ, आडिवरे, जैतापूर. नववा विजयदुर्ग करून देवगड. दहावा कुणकेश्वर, आचरा, मालवण. इथून भाषेचा हेल बदलतो, चढावर धापा टाकत उभं असलात की हमखास एखादी आजी विचारते, "खंयसून इलंस गो?" अकराव्या दिवशी वेंगुर्ला. बाराव्या दिवशी शिरोडा, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, मग रेडी आणि तेरेखोल. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे असला तरी गोव्यातच आहे. तिथल्या बोटीने पलीकडे केरीला उतरलं की वाट संपली.

रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल बांधायचं काम हाती घेतलेलं आहे. पूल झाले की वेळ वाचेल हे खरं. पण जेटीवर बोटीची वाट पाहत घालवलेली वीस मिनिटं हीच सायकलवाल्याची खरी विश्रांती असते. ज्यांना जायचं आहे त्यांनी ती आहे तोवर जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

जेटीवरचे नियम

बोटीचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या गावात विचारा. नकाशाच्या ॲपवर विसंबू नका. हे ॲप कधी कधी जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाडीलाही रस्ता समजून तिकडे नेतं. जेटीच्या उतारावर भरतीची रेघ असते, तिच्या खालचा सिमेंटचा भाग शेवाळाने हिरवा आणि निसरडा असतो. तिथे सायकलवर बसून जायचं नाही, उतरून, दोन्ही ब्रेक दाबून चालत जायचं. बोटीत सायकल कठड्याला टेकवून पट्ट्याने बांधा आणि हात ठेवून उभ्या राहा. पलीकडे लागल्यावर गाड्या, मोटरसायकली आधी जाऊ द्या. समोर लगेच घाटी असते, आणि पाठीमागून हॉर्न वाजत असताना ती चढण्यात काही सुख नाही.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही.

खाणं, पाणी, मुक्काम

रोजचे हजार रुपये धरून चाला. खोलीला चार-पाचशे, खाण्याला तीन-साडेतीनशे, उरलेले बोटीला आणि अडीअडचणीला. दोघी असाल तर खोलीचा खर्च वाटला जातो आणि हिशोब आणखी हलका होतो.

सकाळी साडेसहाला निघा, पहिले वीस किलोमीटर उपाशीपोटी नाही पण हलक्या पोटी, दोन केळी खाऊन. नऊच्या सुमारास एसटी स्टँडजवळच्या टपरीवर पोहे किंवा उसळ-पाव. दुपारी घरगुती खानावळीत शाकाहारी थाळी. सुरमईच्या थाळीने दिवसाचा हिशोब बिघडतो, तेव्हा मासे खायचेच असतील तर बांगडा मागा, किंवा माझ्यासारखं बारा दिवसांत दोनदाच पण मनसोक्त खा. खिशात शेंगदाणे-गूळ आणि खजूर हवेतच. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो, दर तासाला थोडं तोंडात टाका.

पाणी तीन लिटर. दोन बाटल्या सायकलवर, एक पिशवीत. विकत घेऊ नका. घरांतून, देवळांतून, शाळांतून भरून घ्या. कोकणात पाणी मागितल्यावर नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर घाला. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय.

मुक्कामासाठी तीन ठिकाणी चौकशी करा: देवस्थानाचं भक्तनिवास, गावातली घरगुती सोय, आणि शेवटी लॉज. समुद्रासमोरची खोली सोडून गावातल्या आळीत विचारा, भाव उतरतो. दोन प्रश्न आधीच विचारायचे: सायकल आत ठेवता येईल का, आणि रात्रीचं जेवण मिळेल का.

एकटीने जाणाऱ्यांसाठी थोडं. मुक्कामाला उजेडी पोचणं हा माझा न मोडायचा नियम आहे. पुढचा मुक्काम रस्त्यात कुणाला सांगायचा नाही, घरी मात्र रोज संध्याकाळी कळवायचा. खोली घरातल्या बाईशी बोलून ठरवायची. पाळीची तारीख मध्ये येत असेल तर त्यासाठी एक विश्रांतीचा दिवस आधीच धरून ठेवा, त्याने बेत बिघडत नाही.

आणि एक गोष्ट, जी कुणी मोकळेपणाने सांगत नाही. गादीच्या सायकल शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं. मांड्यांच्या सांध्यात व्हॅसलीन लावा, मुक्कामाला पोचल्याबरोबर आंघोळ करून कोरडे कपडे घाला. सीटचे फोड आले तर एक दिवस थांबा. त्यावरून चालवत राहिलात तर चार दिवस थांबावं लागतं.

कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालू लागा. बहुतेक वेळा ती तिथेच थांबतात.

परत

केरीहून अलीकडे येऊन सावंतवाडी गाठणं मला सर्वांत सोपं वाटतं. तिथून मुंबई-पुण्याच्या खासगी बस सुटतात. तिकीट काढायच्या आधीच डिकीत सायकल ठेवायचं आणि तिच्या भाड्याचं बोलून घ्या, नंतर बोललात तर भाव दुप्पट होतो. पुढचं चाक काढा, पॅडल काढा, हँडल वळवून सांगाड्याला समांतर करा, चेन बाहेरच्या बाजूला येईल अशी उभी ठेवा आणि जाळ्याच्या दोरीने बांधा. रेल्वेने पाठवायची असेल तर मडगावसारख्या मोठ्या स्टेशनचं पार्सल कार्यालय गाठा. लहान स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल चढत नाही. दोन पुठ्ठ्यांवर नाव, फोन आणि दोन्ही स्टेशनं लिहून बांधा, पावती जपून ठेवा.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवा. बारा दिवसांचं खारं वारं चेनच्या कड्यांत, बोल्टच्या डोक्यांत, चाकाच्या तारांच्या मुळाशी बसलेलं असतं. फडक्याने पुसा, उन्हात तासभर उभी करा, मग चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडा.